निळ्या स्वेटरातली माणसं

“दोन माणसं एकच आहेत असं म्हणण्याआधी यंत्राला घाम फुटला पाहिजे,” असं जुळवणीबाई एकदा म्हणाल्या होत्या.

समोर नवे साहेब होते. हातात चहा होता. त्यांनी ते विनोद म्हणून घेतलं आणि हसले. बाई हसल्या नाहीत. त्या तशा खळखळून हसणाऱ्या होत्या, अगदी जिन्यापर्यंत आवाज जायचा. पण त्या वाक्याला नाही.

आमचं केंद्र हरवलेल्या माणसांचं. खाली चौकशीची खिडकी, वर आमची खोली, खोलीत पाठीला पाठ लावलेली टेबलं आणि भिंतीवर एक मोठा पडदा. शहरात कुणी बेवारस सापडलं, किंवा कुणाच्या घरातलं माणूस नाहीसं झालं, की त्याची खबर इथं यायची. कशी यायची ते विचारू नका. पोलीस चौक्या हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवत, तोही बहुधा आडवा. मोठा दवाखाना तक्ता पाठवी, पण तिथला संगणकवाला बदलला की तक्त्याचे रकाने इकडचे तिकडे होत, कारण आधीच्या माणसाची अक्कल काढल्याशिवाय नवा माणूस कामाला लागत नसे. बसस्थानकं फोन करत. शवागार फक्त उंची आणि तारीख कळवी. कुणी वय वर्षांत लिही, कुणी ‘म्हातारा’ लिहून मोकळा होई. एका चौकीच्या मते तर जगातल्या सगळ्या बायका ‘मध्यम’ होत्या. उंचीनं मध्यम, वयानं मध्यम, रंगानंही मध्यम.

या सगळ्याची मोट बांधणारं यंत्र बाईंनी रचलं होतं. चौकीचा कागद काय म्हणतो, दवाखान्याचा तक्ता काय म्हणतो, आणि घरच्यांची तक्रार काय म्हणते, हे एका भाषेत आणायचं. मग पाहायचं की दवाखान्यात सापडलेला हा आणि घरातून गेलेला तो, दोघं एकच आहेत का. एकच असले तर दोन नोंदी जोडून एक करायची. त्यावरून त्यांना हे नाव पडलं. टायपिस्ट त्यांना म्हणायची, “जुळवणीबाई, एवढी जुळवता, आमच्या दिराचंही बघा की कुठं. वय झालं त्याचं.” बाई म्हणायच्या, “त्याची माहिती पाठव. पण खरी पाठव, म्हणजे जुळणारच नाही.”

सुरुवातीला यंत्रानं एक गंमत केली होती. जिथं नाव कळत नसे तिथं सगळेच ‘अज्ञात’ लिहीत. यंत्राला वाटलं, हे नावच आहे. मग अज्ञात नावाचा एक गृहस्थ एकाच सकाळी तीन दवाखान्यांत दाखल झाला, दुपारी बसस्थानकावर बेशुद्ध सापडला आणि संध्याकाळी बाळंत झाला. बाई टेबलावर डोकं ठेवून हसल्या. हसून झाल्यावर त्यांचा चेहरा मात्र उतरला. त्या आठवड्यात त्यांनी यंत्राला एक नवं पान दिलं. त्याचं नाव ‘शंका’. यंत्राला खात्री वाटेना तेव्हा त्यानं दोन नोंदी या पानावर शेजारी शेजारी ठेवायच्या, पिवळ्या रंगात, आणि गप्प बसायचं. मग आमच्यातल्या कुणीतरी फोन उचलायचा आणि विचारायचं: अहो, त्या माणसाच्या कानावर तीळ आहे का?

पडद्यावर त्यामुळे कायम थोडं पिवळं असे. आमची नजर सरावली होती. नव्या साहेबांची सरावली नाही.

“मॅडम, पाहुणे येतात, पडदा बघतात आणि विचारतात, हे पिवळं काय? मी काय सांगू? आम्हाला माहीत नाही म्हणून सांगू?”

“हो, तेच सांगा. खरं आहे ते.”

“खरं असेल. पण पिवळं आहे.”

महिनाभर ही खडाजंगी चालली. बाईंचा आवाज केबिनच्या काचेतून बाहेर यायचा, साहेबांचा येत नसे. शेवटी लेखी हुकूम आला: शंकेचं पान बंद करावं, यंत्रानं जी नोंद सर्वांत जवळची वाटेल ती निवडून प्रकरण निकालात काढावं. बाईंच्या घरी नवरा नव्हता, तो जहाजावर स्वयंपाकी, वर्षाचे बरेच महिने पाण्यावर. सासूबाई आणि शिकणारी मुलगी बाईंच्या जिवावर. त्यांनी दात-ओठ खात ते पान काढलं. पडदा हिरवागार झाला. साहेबांनी पेढ्यासारखं तोंड करून सगळ्यांचे आभार मानले, आणि जुळलेल्या माणसांचा आकडा दर आठवड्याला बाहेर जाहीर होऊ लागला.

आणि मग एक शिंपी यायला लागला.

वय साठीच्या पुढचं, गळ्यात मापाची पट्टी तशीच लोंबत असलेली. दुकानातून उठून सरळ येत असावा. त्याचा थोरला भाऊ घरातून निघून गेला होता. विसराळू झाला होता, स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. खिडकीवरची मुलगी दर वेळी बोटं चालवायची आणि मान हलवायची.

“काका, सिस्टीममध्ये नाहीये हो.”

“अगं बाळ, दादा सिस्टीममध्ये कधीच नव्हता. तो घरात होता. घरातून गेलाय.”

“मग बेवारस म्हाताऱ्यांना ठेवतात त्या आश्रयगृहात जाऊन बघून येऊ का?” त्यानं एकदा विचारलं.

“फिरायची गरजच नाही काका. सगळी ठिकाणं इथं जोडलेली आहेत. आणि आमची चिठ्ठी असल्याशिवाय ते आत सोडत नाहीत.”

“मग चिठ्ठी दे.”

“जुळलं तर चिठ्ठी मिळते.”

त्या दिवशी तो माणूस ओरडला. आधीच्या काळी, हे केंद्र नव्हतं तेव्हा, लोक दवाखाने पालथे घालत, चौक्या धुंडाळत, पायाचे तुकडे पडत. पण तोंडं बघायला मिळत. आता सोय झाली होती. सोयीच्या खिडकीशी उभं राहून ‘नाही’ ऐकायचं आणि घरी जायचं. आरडाओरडा वर ऐकू आला तशा बाई खाली उतरल्या.

“काय झालं?”

“ताई, तुमच्या यंत्राला सदरा कळत नाही का?” शिंपी म्हणाला. “दादा डावखुरा. त्याच्या सदऱ्याचा खिसा मी उजवीकडे लावलाय. असा सदरा अख्ख्या गावात दुसऱ्याच्या अंगावर नसेल. मी लिहून दिलंय सगळं. चौकडीचा, उजवा खिसा. त्यानंच मला शिवण शिकवली हो. आता सुई हातात दिली तर विचारतो, हे काय.”

बाईंनी स्वतः शोधलं. सदरा कुठंच नव्हता. फोटोंचा उपयोग नव्हता. आश्रयगृहाच्या फोनची काच पिचलेली, त्यातून सगळे चेहरे वाफेतून काढल्यासारखे येत. बाईंनी खिडकीवरच्या मुलीकडून कोरी चिठ्ठी ओढून घेतली, तिच्यावर सही ठोकली आणि म्हणाल्या, “चला काका. डोळे आहेत ना आपल्याला.”

इतक्या वर्षांत बाई आश्रयगृहात कधी गेल्या नव्हत्या. आमच्यातलं कुणीच गेलं नव्हतं. आम्हाला ते एका तक्त्याच्या रूपात माहीत होतं: स्वच्छ, वेळेवर येणारा, रकाने न हलवणारा तक्ता. बाई त्याला ‘शहाणं बाळ’ म्हणायच्या.

जुनं गोदाम होतं. आत लोखंडी पलंगांच्या रांगा, फिनाइलचा वास. मागच्या अंगणात दुपारचं ऊन पडलं होतं आणि भिंतीला टेकून म्हातारे बसले होते. सगळ्यांच्या अंगात निळा स्वेटर. तोच निळा, तीच वीण, छातीवर तीच पांढरी पट्टी. खाली करडी विजार. एकाच्या अंगातून दुसरा उगवावा आणि दुसऱ्यातून तिसरा, तशी ती रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. शिंपी एकेका चेहऱ्यापाशी वाकून पाहत पुढे सरकत होता. बाई पायरीवर बसल्या.

आश्रयगृह सांभाळणारी मावशी पदराला हात पुसत आली.

“मावशी, हे स्वेटर कधीपासून?”

“कुणीतरी गठ्ठेच्या गठ्ठे देऊन गेलं. बरे आहेत ना? उबदार आहेत.”

“आणि तुम्ही आमच्याकडे लिहून पाठवता, ‘अंगावरचे कपडे’, ते कुठले लिहिता?”

“अंगावरचे. अंगावर जे असतात ते.”

“माणूस आला तेव्हा अंगावर असतात ते?”

“तसंच होतं की आधी. आधी नोंद, मग अंघोळ. पण मागच्या थंडीत उवा झाल्या हो! सगळ्या पोरांना झाल्या. म्हाताऱ्यांना मी पोरंच म्हणते. डॉक्टर म्हणाले, दारातून आत घ्यायचं ते आधी न्हाणीत. मग अंघोळ, मग स्वच्छ कपडे, आणि मग ऑफिसात नेऊन नोंद.”

“हे आम्हाला कळवायचं नाही का?”

“काय कळवू?” मावशी खरंच गोंधळली. “अंघोळ घातली म्हणून?”

रकाना तोच होता. त्याचं नाव तेच होतं. जागा तीच. आत लिहिलेलंही अक्षरन् अक्षर खरं होतं. फक्त न्हाणी आणि टेबल यांचा क्रम बदलला होता, आणि एवढ्यानं त्या रकान्यातला माणूस पुसला जाऊन तिथं स्वेटर उरला होता.

तेवढ्यात व्हरांड्यातून शिंप्याचा आवाज आला. “थांबा. थांबा जरा.”

एक कामवाली फरशी पुसत होती. शिंप्यानं तिच्या हातातलं पोतेरं घेतलं, पिळलं आणि गुडघ्यावर पसरलं. चौकडी जवळजवळ उडाली होती. उजव्या बाजूला खिसा होता.

“ही माझी टीप आहे,” तो म्हणाला. आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, “ही माझी टीप आहे.”

मावशीनं कपाळाला हात लावला. “तो होय! डावखुरा, हसरा? बसल्या बसल्या चादरीच्या काठावरून बोट फिरवायचा, जसं काही हेम घालतोय. पण तो गेला ना घरी! तुमच्याकडूनच आलं, घरी पोहोचला म्हणून.”

“कधी पोहोचला?” शिंपी म्हणाला. “कुणाच्या घरी?”

मावशी बाईंकडे बघत बोलायला लागली. “तो माझ्यासमोर बसून दूध पीत होता. मी फोन केला तुमच्या खिडकीवर. म्हटलं, अगं, तो इथं आहे, कप आहे त्याच्या हातात. ती म्हणाली, मावशी, सिस्टीममध्ये तो घरी आहे. यादीतून नोंद गेली की पलंग रिकामा करायचा असा हुकूम आहे, तुम्हाला ठाऊकच असेल. मग फाटकवाल्यानं त्याला सांगितलं, काका, घरच्यांनी बोलावलंय, जा. तो उठला. सगळ्यांना हात केला. आनंदानं गेला हो.”

शिंप्यानं पोतेरं घडी घालून पिशवीत ठेवलं. त्याच्या हातांना दुसरं काही सुचलं नसावं.

परत आल्यावर बाईंनी जे शोधून काढलं ते सांगायला सोपं आहे. आश्रयगृहातला दुसराच एक म्हातारा भटकत बाहेर पडला होता, अंगात निळा स्वेटर. तो एका चौकीला सापडला, त्याचे मुलगे आले, घेऊन गेले. चौकीनं लिहिलं: वृद्ध, बारीक, निळा स्वेटर, घरी पोहोचला. यंत्रानं आश्रयगृहाच्या तक्त्यात पाहिलं. तिथं वृद्ध, बारीक, निळ्या स्वेटरातली माणसं रांगेनं उभी. शंकेचं पान असतं तर त्यानं ती सगळी पिवळी करून आमच्यापुढे ठेवली असती. पान नव्हतं. म्हणून त्यानं एक उचलला. तो शिंप्याचा भाऊ होता. आणि असा तो एकटाच नव्हता. न्हाणीचा क्रम बदलल्यापासून आश्रयगृहातली जेवढी माणसं ‘जुळली’ होती, त्यांतलं कोण खरंच घरी गेलं आणि कोणाला फाटकातून घरी पाठवलं, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. ज्यांना सांगता आलं असतं त्यांना स्वतःचं नावही आठवत नव्हतं.

याला चूक म्हणायचं? चुकीला निदान ओशाळवाणं तोंड असतं. हे तर दर आठवड्याला टाळ्या घेत होतं. जिवंत माणूस हातात कप घेऊन समोर बसलेला असताना त्याला तू इथं नाहीस म्हणून सांगायचं, आणि त्यानं ते ऐकून उठायचं. यापेक्षा त्याला हाताला धरून बाहेर लोटलं असतं तर ते जास्त माणुसकीचं झालं असतं. लोटताना हाताला हात तरी लागतो.

बाई केबिनमध्ये गेल्या. या वेळी काचेतून दोन्ही आवाज आले.

“शिंप्याची केस उघडतो,” साहेब म्हणाले. “मानवतेच्या दृष्टीनं. बस?”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्यांची तक्रार आहे का?”

“तक्रार करणार कोण? ते स्वतःच हरवलेत!”

“मॅडम, जाहीर झालेला आकडा मागे घेता येत नाही. उद्या पाहुणे येतायत. दुसऱ्या शहरांना आपलं यंत्र हवंय, तुमचं यंत्र. तुम्हाला दोन शब्द बोलायचेत. त्याआधी एवढं लिहून द्या, की आश्रयगृहानं चुकीची माहिती पुरवली. मी लगेच शिंप्याची केस उघडतो. चौक्यांना खबर जाईल, शोध सुरू होईल.”

“चुकीची कुठं पुरवली? अंगावर होतं ते लिहिलं तिनं.”

“कुणाची तरी चूक असायला हवी ना.”

“आहे की! शंका मी काढली. तुमच्या हुकमानं काढली. घाला दोघांची नावं.”

“त्या मावशीची नोकरी जाईल, एवढंच ना? दुसरी मिळेल तिला,” साहेब शांतपणे म्हणाले. “विचार करा. त्या म्हाताऱ्याचा विचार करा. जितका उशीर, तितका तो लांब.”

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. आमच्यापैकी कुणाकडे न बघता त्यांनी संगणक पिशवीत टाकला आणि घरी गेल्या.

घरी सासूबाई चष्मा शोधत होत्या. चष्मा डोक्यावर होता.

“आलीस? लोकांची माणसं शोधतेस, माझा चष्मा तेवढा शोध.”

बाईंनी तो खाली ओढून त्यांच्या नाकावर ठेवला. सासूबाईंनी सुनेकडे निरखून पाहिलं. “भांडून आलीस की भांडायला जायचंय?”

“दोन्ही.”

“मग आधी जेवून घे. उपाशीपोटी माणूस शिव्या विसरतो.”

जेवताना बाईंनी मध्येच विचारलं, “आई, समजा मी कामावरून आले, दार वाजवलं, आणि तुम्हाला कुणी सांगितलं की सूनबाई तर मघाशीच आलीय, आत निजलीय. तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे दार उघडाल का नाही?”

सासूबाईंनी घास थांबवला. असला प्रश्न विचारणारी माणसं दमलेली असतात हे त्यांना ठाऊक होतं. “आधी दार उघडेन,” त्या म्हणाल्या. “मग आत जाऊन बघेन.”

हे सगळं बाईंनी नंतर टायपिस्टला सांगितलं, म्हणून कळलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. शिंप्याला बाईंनीच बोलावलं होतं. तो दाराबाहेरच्या बाकावर बसला, पिशवी मांडीवर. पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर होते, आम्ही मागं. पडदा वरच्या खोलीतून इथं आणला होता आणि तो डोळे निववणारा हिरवा होता. साहेब बोलले. माहिती कुठूनही येवो, कोणत्याही रूपात येवो, तिचं रूप रोज बदलो, आपलं यंत्र थांबत नाही. “माणूस अडखळतो,” ते म्हणाले, “यंत्र अडखळत नाही.” टाळ्या पडल्या. मग त्यांनी बाईंना दोन शब्दांसाठी पुढे बोलावलं.

बाई पुढे गेल्या. साहेबांनी विचारत्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं: लिहून आणलंय ना? बाईंनी संगणक मेजावर ठेवला आणि उघडला. त्यांनी काहीतरी वाचून दाखवायची तयारी चालवलीय असं आम्हाला वाटलं. माईक त्यांच्या तोंडासमोर होता. आम्ही मनातल्या मनात कान झाकले, कारण बाईंचा आवाज आणि वर माईक.

त्यांनी एक कळ दाबली.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका आला. मग शेजारी दुसरा. मग एक ओळ, मग पानभर. जोडलेल्या नोंदी सुट्या होत होत्या, एकाचे दोन, दोनाचे चार, आणि प्रत्येकापुढे जुना शब्द येत होता, शंका, शंका. त्याखाली बारीक अक्षरांत: सर्व चौक्यांना कळवले, शोध सुरू. घरी पोहोचलेल्यांचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत उतरायला लागला. खालच्या मजल्यावर फोन वाजला. तो कुणी उचलायच्या आत दुसरा वाजला.

“मॅडम?” साहेब म्हणाले. “हे काय केलंत? मॅडम, हे बंद करा.”

पुढच्या खुर्चीतल्या पाहुण्यानं मान तिरपी करून विचारलं, “हे पिवळं काय?”

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. जिच्या हसण्यानं जिने दणाणत, जिच्या भांडणाला केबिनची काच पुरी पडत नसे, ती आता काय बोलते ते ऐकायला सभागृह थांबलं होतं. बाईंनी माईक बाजूला सरकवला. संगणक तसाच उघडा ठेवला. पर्स खांद्याला लावली, खुर्च्यांच्या मधून चालत आल्या, दार ढकललं. बाहेर बाकावरचा शिंपी उठून उभा राहिला. बाईंनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं जिना उतरून रस्त्याला लागले.